सोळा कालवडींचा निकाल

गुरांच्या चाऱ्याचें मोल रासायनिक पृथक्करणावरून ठरवावें, असा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेंतील शास्त्रज्ञांचा दृढ समज होता. प्रथिनें इतकीं, पिष्ट इतकें, चरबी इतकी; बेरीज जुळली कीं खुराक पुरा झाला! विस्कॉन्सिन विद्यापीठांतील रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक यांना मात्र हें गणित पटत नसे. दुधांतील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत १८९० सालीं काढणारे ते हेच गृहस्थ. या हिशेबानें दगडी कोळसाही उत्तम खुराक ठरेल, अशी थट्टा ते करीत, असें सांगतात.

थट्टेची परीक्षा १९०७ च्या मे महिन्यांत एडविन हार्ट यांच्या देखरेखीखालीं सुरू झाली. सोळा कालवडींचे चार गट केले. एकास केवळ मक्याचा खुराक, दुसऱ्यास गव्हाचा, तिसऱ्यास ओटचा आणि चौथ्यास तिन्हींचें मिश्रण. दाणा, पाला, काड सारें त्या त्या पिकाचेंच. आणि कागदावर चारही खुराक सारखेच पौष्टिक!

वजनांत आरंभीं विशेष अंतर पडलें नाहीं, अंगकांतींत पडलें. मका खाणाऱ्या गाई तुकतुकीत दिसत. गहू खाणाऱ्यांची लव राठ, कांहींची तर दृष्टीच गेली. खरा कस विण्याच्या वेळीं लागला. मक्यावरच्या गाईंचीं वासरें सशक्त निपजलीं. गव्हावरच्यांचीं मृतच जन्मलीं, किंवा जन्मून थोडक्याच दिवसांत गेलीं. १९१० सालीं खुराकांची अदलाबदल केली, तेव्हां फळही पालटलें. मक्यावरून गव्हावर आणलेल्या गाईंना दुबळीं वासरें झालीं आणि मक्यावर आलेल्या गाईंना निरोगी! गाईंनीं इतकें स्पष्ट उत्तर दिलें, तरी १९११ च्या अहवालांत शास्त्रज्ञांना कारण सांगतां आलें नाहीं.

या कामांत असलेला तरुण रसायनज्ञ एल्मर मॅक्कॉलम यानें मग उंदीर पाळले. गाय वाढावयास वर्षें लागतात, उंदराला आठवडे पुरतात. धान्याच्या या शत्रूवर शेतकी कॉलेजानें खर्च करावा, हें वरिष्ठांना रुचलें नाहीं. बॅबकॉक यांनीं मात्र त्याची पाठ थोपटली. १९१३ सालीं मॅक्कॉलम व मार्गरिट डेव्हिस यांनीं लोण्यांत व अंड्याच्या बलकांत वाढीस अवश्य असा एक स्निग्धविद्राव्य घटक दाखविला. पुढें त्यालाच ‘अ’ जीवनसत्त्व म्हणूं लागले. हिरव्या पाल्यांत व पिवळ्या मक्यांत त्याचें पूर्वद्रव्य भरपूर. गव्हाच्या दाण्यांत व वाळल्या काडांत जवळजवळ नाहींच. त्या काडांत चुनाही तुटपुंजा. उन्हाळाभर वाळका कडबा चघळणाऱ्या दख्खनच्या गुरांना पहिल्या पावसानंतरचें कोवळें गवत काय देतें, तें यावरून उमगावें.

बॅबकॉक १९३१ पर्यंत जगले. आपल्या थट्टेचें उत्तर त्यांना पाहावयास मिळालें.