माणिक, स्पिनेल आणि एका नावाचा घोळ

वारणानगरहून कोल्हापूरच्या गुजरीत गेलात आणि सराफानं दोन लालभडक खडे समोर ठेवले, एक माणिक, एक स्पिनेल. नुसत्या डोळ्यांनी ओळखाल? अवघड आहे. दोन्हींना लाली क्रोमियममुळेच येते.

फरक मोजल्यावर कळतो. माणकाचं काठिण्य ९, घनता सुमारे ४.०, अपवर्तनांक १.७६ ते १.७७. स्पिनेलचे हेच आकडे ८, ३.६ आणि १.७१८. शिवाय माणकात प्रकाशकिरण दुभंगतो. स्पिनेलचा स्फटिक घनीय, म्हणून तिथं तो एकच राहतो.

मग ‘जुन्या लोकांना हे कळत नव्हतं’ असं लिहून टाकायचं? थांबा. अल्-बिरूनीनं ११व्या शतकातच दोन्हींची घनता मोजली होती. फारसीत माणकाला ‘याकूत’ आणि स्पिनेलला ‘लअल’ अशी वेगळी नावंच होती. जहांगीर, शाहजहान यांची नावं कोरलेला ३५२.५ कॅरटचा खडा स्पिनेलच आहे. १८४९ मध्ये लाहोरचा खजिना कंपनीच्या हाती गेला, आणि पुढे इंग्रजीत त्या खड्याचं नाव पडलं ‘तैमूर रूबी’!

म्हणून प्रबंध लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. जुन्या साधनातला शब्द मूळ भाषेत तपासा. आणि एकच गुणधर्म जुळला म्हणून नमुन्याला नाव देऊ नका. निदान दुसरा तरी मोजा.