बंद पडलेल्या सॉफ्टवेअरमधील रेखाचित्रे कशी उघडावीत?

उरण : सिडको, ओएनजीसी आणि १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर यांच्यासाठी झालेल्या भूसंपादनामुळे उरण तालुक्यात जमिनीच्या नकाशाला विशेष मोल आहे. साडेबारा टक्क्यांचा भूखंड असो वा गावठाणालगतचे घर, त्याचा आराखडा वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर काढून फ्लॉपी किंवा सीडीवर जपला असेल, तर आज तो उघडेलच याची खात्री नसते. फाईल शाबूत असते. ती वाचणारे सॉफ्टवेअर मात्र बाजारातून गेलेले असते.

रेखाचित्राच्या फायलीत छायाचित्रासारखे ठिपके नसतात. रेषेची टोके, वक्रता, जाडी व रंग यांची ती नोंदवही असते आणि प्रत्येक कंपनीने ही नोंद आपापल्या परीने केली. 'स्टारऑफिस' हे त्याचे ठळक उदाहरण. जर्मनीतील स्टार डिव्हिजन ही कंपनी १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली, २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली आणि २०११ मध्ये ओरॅकलने या संचाची व्यावसायिक विक्री थांबविली. त्यातील चित्रांच्या फायलींना 'एसडीए' वा 'एसडीडी' हे शेपूट असे. लिब्रेऑफिसनेही २०१३ च्या ४.० आवृत्तीत या फायलींना दार बंद केले होते. पुढे स्वयंसेवकांनी तयार केलेल्या 'लिबस्टारऑफिस'मुळे ते पुन्हा उघडले.

त्यामुळे पहिला प्रयत्न लिब्रेऑफिसच्या 'ड्रॉ'मध्येच करावा, तोही मूळ फायलीवर नव्हे, तिच्या प्रतीवर. जुन्या कोरलड्रॉ, फ्रीहँड व पेजमेकरच्या अनेक फायलीही तेथे उघडतात. चित्र अर्धवट दिसल्यास ओपनऑफिस ३.३ ही जुनी आवृत्ती, इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर, वापरून पाहावी. फायलीचे शेपूट हरवले असेल, तर तिची सुरुवातीची अक्षरे तपासावीत. तेथे 'पीके' दिसल्यास आत झिप आहे, 'आरआयएफएफ' दिसल्यास बहुधा जुने कोरलड्रॉ.

मराठी फायलींची खरी अडचण यानंतर सुरू होते. युनिकोड रुळण्यापूर्वी श्री-लिपी, आयएसएम, आकृती अशा फाँटांत मजकूर टंकलिखित होई. या फाँटांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत. फाँट नसला की रेषा जशाच्या तशा येतात, पण सर्व्हे क्रमांकाशेजारी शेतकऱ्याच्या नावाऐवजी रोमन अक्षरांचा गिचमिडा उमटतो. एका कंपनीचा फाँट दुसऱ्याच्या जागी चालत नाही. मूळ फाँटच बसवावा लागतो. छपाईपूर्वी अक्षरांचे 'कर्व्ह' करून ठेवणाऱ्या डीटीपीचालकांची फाईल या बाबतीत सुदैवी. अक्षरे दिसतात, मात्र त्यांत शोध घेता येत नाही.

चित्र उघडल्यावर ते 'ओडीजी' किंवा 'एसव्हीजी'मध्ये साठवावे. दोन्हींचे तपशील जाहीर असून ओडीजी ज्या मानकाचा भाग आहे, त्याला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. सोबत एक पीडीएफही काढावी. रूपांतरात पानाचा आकार बदलून प्रमाण बिघडू शकते. ज्ञात लांबीची एखादी बाजू मोजून ताळा घ्यावा. हद्दीच्या वादात अशा आराखड्याचा उपयोग संदर्भापुरताच. मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाची 'क' प्रतच मागितली जाते.