तुर्की बडबडगीतें आणि दरवेशांचीं पदें

खेळांत राज्य कोणावर यावयाचें हें ठरवितांना तुर्कस्तानांतील मुलें जीं यमकें घोळवितात, त्यांना तेथें 'तेकेर्लेमे' म्हणतात. अर्थ असा त्यांत नसतोच. आजीच्या कहाणीचा आरंभहि अशाच बडबडीनें होतो : उंट दवंडी पिटीत असतो, पिसू हजामत करीत असते, आणि सांगणारा आपल्याच बापाचा पाळणा हालवीत असतो!

हीच उलटी जगरहाटी संतकवि यूनुस एम्रे (मृत्यु सुमारें १३२०) याच्या एका पदांत दिसते. कवि आलुबुखाराच्या झाडावर चढतो, तेथें द्राक्षें खातो, आणि बागेचा धनी त्याला दटावतो तें अक्रोड खाल्ल्याबद्दल! मुलें हें ऐकून हसतील; दरवेशांनीं मात्र तें मननाचा विषय केलें. सतराव्या शतकांत नियाझी मिस्री या सूफी कवीनें त्यावर भाष्य लिहिलें. आलुबुखार म्हणजे बाह्य धर्माचार, द्राक्ष म्हणजे साधनामार्ग, आणि कठीण कवचांतला अक्रोड म्हणजे सत्य. एका झाडाचें फळ दुसऱ्या झाडावर शोधणाऱ्याचे श्रम वायां जातात, असा त्याचा आशय. कायगुसुझ आब्दाल या दरवेशानें चाळीस दिवस चुलीवर ठेवूनहि न शिजणाऱ्या हंसाचें गाणें रचिलें. तो हंस म्हणजे साधकाचा अहंकार, असें जाणते सांगतात. फुगडी-हुतूतूवरील एकनाथांचीं भारुडें ज्यांच्या कानांवर आहेत, त्यांना ही रीत परकी वाटूं नये.

अर्थ लावण्यांत थोडी ओढाताण होते, हें खरें. परंतु जें उघड बोलणें धोक्याचें, तें पोरकटपणाच्या पांघरुणाखालीं निभावून जातें. मुल्ला कासिमची दंतकथा याच भयाची साक्ष देते. हा कर्मठ गृहस्थ नदीकाठीं यूनुसचीं पदें वाचावयास बसला. हजार पदें त्यानें जाळिलीं, हजार पाण्यांत सोडिलीं. पुढच्या पदांत आपली झडती घेणारा म्हणून स्वतःचेंच नांव आलेलें पाहून त्याचा हात थांबला. भाष्यकार मिस्रीला तर उस्मानी सरकारनें हद्दपार केलें. १६९४ सालीं तो लेम्नोस बेटावर वारला.

विसाव्या शतकांत मुलांचीं हीं यमकें शास्त्रीय दृष्टीनें अभ्यासणारे पेर्तेव नाइली बोराताव यांच्यावरहि राजकीय संशय आला. अंकारा विद्यापीठांतील त्यांचें लोकसाहित्याचें अध्यासन १९४८ मध्यें बंद करण्यांत आलें. तेकेर्लेमेवरील त्यांचा ग्रंथ निघाला तो १९६३ सालीं, पॅरिस येथें, फ्रेंच भाषेंत.