मेणचित्रण (एन्कॉस्टिक)

वितळलेल्या मेणात रंगद्रव्ये कालवून केलेले चित्रण. ‘भाजून पक्के केलेले’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून एन्कॉस्टिक ही संज्ञा आली. यात प्रत्येक थर उष्णता देऊन खालच्या थराशी एकजीव करतात. ईजिप्तमधील फायूम येथील व्यक्तिचित्रांत (इ. स. १ ले ते ३ रे शतक) आढळणारे हे तंत्र मध्ययुगात मागे पडले. निसर्गदृश्यांसाठी त्याचा लक्षणीय वापर जर्मन चित्रकार कार्ल रोटमान (१७९७–१८५०) ह्याने केला. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याच्यासाठी त्याने ग्रीसमधील प्राचीन स्थळांची २३ दृश्ये १८३८–५० या काळात रंगविली. मेणाच्या अर्धपारदर्शक थरांमुळे आतून उजळल्यासारखा प्रकाश साधता येतो. ओसाड भूमीवरील आकाश रंगविताना हा गुण उपयोगी पडला. ही चित्रे म्यूनिकच्या हॉफगार्टन उद्यानातील खुल्या कमानींसाठी योजिली होती. परंतु तेथील त्याच्याच इटलीविषयक भित्तिचित्रांची नासधूस झाल्याने ती नॉये पिनाकोटेक ह्या संग्रहालयातील स्वतंत्र दालनात ठेवण्यात आली.