बल्लारशाहाचें स्टेशन

एखाद्या गांवाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे आपण प्रथम राजे मोजतों, मग लढाया मोजतों, आणि जागा उरल्यास तेथें आगगाडी केव्हां आली याविषयीं एखादी ओळ टांकतों. चांदा जिल्ह्यांतील बल्लारपुरास हा क्रम लावूं गेल्यास तें गांव नीट समजत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

बल्लारपूर वर्धा नदीच्या डाव्या तीरावर आहे. गोंड राजांनीं शिरपुराहून आपली राजधानी येथें आणिली व नदीकांठीं किल्ला बांधिला. पुढें खांडक्या बल्लाळशाहाची व्याधि झरपट नदीच्या पाण्यानें बरी झाली आणि तेथें चांदा वसलें, अशी आख्यायिका आहे. राजधानी गेली व बल्लारपूर मागें पडलें. १७५१ सालीं चांदा नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८५४ सालीं नागपूरचें राज्य इंग्रजांकडे गेलें; परंतु या दोन्ही घडामोडींनीं बल्लारपुराची स्थिति फारशी पालटली नाहीं.

ती पालटली कोळशानें. वरोऱ्याच्या खाणीसाठीं आलेली आगगाडी विसाव्या शतकाच्या आरंभीं बल्लारपुरास पोंचली. नदीपलीकडे निजामाचा मुलूख असल्यामुळें तिची वाट तेथेंच संपे. १९२९ सालीं काझीपेठेकडील मार्ग पुरा झाला, वर्धेवरून गाड्या धांवूं लागल्या, आणि दिल्ली व मद्रास यांमधील सरळ वाट खुली झाली. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस त्याच सालची. गांवाचें नांव बल्लारपूर राहिलें, परंतु स्टेशनावर बल्लारशाह हें नांव लागलें. ज्या राजाचें राज्य गेलें त्याचें नांव अशा रीतीनें साऱ्या हिंदुस्थानच्या वेळापत्रकांत आलें.

आतां पलीकडच्या तीराकडे वळूं. राजुरा, गडचांदूर, कोरपना हा सारा टापू तेव्हां निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. लोकांच्या घरांत मराठी, गोंडी वा कोलामी. सरकारी कागद मात्र उर्दूंत. मद्रासेहून निघालेली गाडी नदी ओलांडून बिनदिक्कत बल्लारशाहास येई, परंतु जमिनीच्या कामासाठीं निघालेल्या राजुऱ्याच्या शेतकऱ्यास जवळच्या चांद्याकडे पाठ फिरवून आदिलाबादेची वाट धरावी लागे. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबादेंतील निजामाची सत्ता संपली. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हां राजुरा तालुका मुंबई राज्यांत आला खरा. पण जोडला गेला तो नांदेड जिल्ह्यास! चांदा जिल्ह्यांत तो आला १९५९ सालीं. म्हणजे पुलावरून गाडी गेल्यानंतर कचेरीस नदी ओलांडावयास तीस वर्षें लागलीं. कोरपना स्वतंत्र तालुका झाला तो त्याहूनहि पुढें.

यावर कोणी म्हणेल कीं, रूळ कांहीं लोकांच्या सोयीसाठीं टाकिले नव्हते; कोळसा आणि सागवान बाहेर नेण्यासाठीं टाकिले होते. हा आक्षेप खोटा नाहीं. १९४५ सालीं कागद गिरणीची स्थापना झाली तीहि या रानांतील बांबूवर नजर ठेवूनच. परंतु ज्या वाटेनें माल गेला त्याच वाटेनें माणसें आलीं, आणि किल्ल्याभोंवतालच्या खेड्याचें नगरपरिषदेचें शहर झालें. आज तेथें नगरपरिषदेच्या शेजारीं रेल्वे, खाण, गिरणी आणि वनखातें असे आणखी चार कारभार नांदतात. रस्त्यावरील एखादा खड्डा कोणाच्या हद्दींत पडतो, हें ठरविण्यास तेथें थोडा विचार करावा लागत असेल.

एक गंमत मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पूर्वी राज्यकारभारानें तोडलेले दोन तीर रेल्वेनें जोडले होते. आज दोन्ही तीर एकाच जिल्ह्यांत आहेत. परंतु बल्लारशाहापर्यंत मध्य रेल्वेचा नागपूर विभाग, आणि तेथून पुढें दक्षिण मध्य रेल्वेचा सिकंदराबाद विभाग! निजाम गेला, इंग्रज गेला, तरी वर्धेकांठची सीमा गेली नाहीं. ती कचेरीच्या नकाशांतून निघून रेल्वेच्या नकाशांत जाऊन बसली. राजुरा-कोरपन्याच्या माणसास जिल्हा मिळविण्यास तीस वर्षें वाट पाहावी लागली, हें नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनीं विसरूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.