पटाची जोडी

आमच्या ब्रह्मपुरीत वेगवान अशी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे उन्हाळ्यातला पारा. मे महिन्यात रात्रीच्या बातम्यांत 'विदर्भात आज सर्वाधिक तापमान' या शब्दांनंतर आमच्या गावाचं नाव आलं, की आम्ही पंख्याखाली घाम पुसत एकमेकांकडे पाहून कृतकृत्य होतो. बाकी सगळा कारभार संथ. नागभीड-नागपूर ही छोट्या लायनीची गाडी 2019 साली बंद झाली, पण तोवर ती अशी चालायची की मध्येच उतरून मोहफुलं वेचावीत आणि पुन्हा आपल्याच डब्यात चढावं, असं लोक म्हणत. 1982 साली चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गडचिरोली जिल्हा झाला, आणि आम्ही जिल्हा होण्याची वाट पाहत अजून तालुकाच आहोत. अशा गावातल्या माणसाला वेगाची ओढ लागली तर नवल नाही.

ज्याच्या अंगणात आंबा नाही त्याला शेजारच्या आंब्याची चव बरोबर ठाऊक असते. माझा शेजारचा आंबा म्हणजे पाकिस्तानचे वेगवान गोलंदाज. हे चारचौघांत मोठ्याने बोलायचं नसतं, हे मला कळतं. म्हणून लिहून टाकतो.

हा नाद लावला आमच्या मोठ्या बाबांनी. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले बंधू. धानाची शेती, खांद्यावर दुपट्टा, शिक्षण चौथी. क्रिकेटचा एकही सामना त्यांनी मैदानात जाऊन पाहिला नाही, पण पंचक्रोशीतला एकही शंकरपट सोडला नाही. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव पट भरतात. दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्रभर नाटक. मोठे बाबा रात्री नाटकात झोपत आणि दिवसा पटावर टक्क जागे असत. जोडी सुटली की तिचं पहिलं पाऊल पाहून ती कुठवर जाणार हे ते सांगत आणि ते सहसा चुकत नसे.

रेडिओवर समालोचन लागलं की ते येऊन बसत. धावा किती झाल्या हे त्यांनी कधी विचारलं नाही.

"टाकते कोन? केवढ्या दुरून येते? मार खाल्ल्यावर काय करते?"

त्यांचं शास्त्र सोपं होतं. "बैलाच्या चार गोष्टी पाहाव्या. पाय, छाती, डोळा अन् खोड. पाय अन् छाती देवाची. डोळा मालकानं शिकवलेला. अन् खोड ज्याची त्याची." या शास्त्राला एक पोटनियमही होता. "बैल कोन्या गावचा, हे बक्षीस वाटतानी इचारावं. पळतानी पाहून घ्यावं."

पुढे मी क्रिकेटवरची बरीच पुस्तकं वाचली. याच्यापलीकडचं शहाणपण मला कुठे सापडलं नाही.

या शास्त्राप्रमाणे मोठ्या बाबांनी पलीकडच्या गोलंदाजांची प्रतवारी लावली. पहिला फजल महमूद. तो माझ्या जन्माआधीचा, म्हणून मीच वाचून त्यांना सांगितला. 1952 च्या ऑक्टोबरात लखनौला तागाच्या चटईवर त्याने आपले बारा गडी 94 धावांत काढले आणि पाकिस्तानने आपल्या आयुष्यातली दुसरीच कसोटी डावाने जिंकली. दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये ओव्हलवर पुन्हा बारा बळी. वेग बेताचा, पण चेंडू पडे तो ठरलेल्या ठिकाणी आणि पडल्यावर कापत जाई. नोकरी पोलीस खात्यात. मोठे बाबा म्हणाले, "हा पटाचा नोहे. नांगराचा हाये. तास वाकडा जाऊ देत नाही."

दुसरा सर्फराज नवाझ. हा उंच, दांडगा आणि तोंडाळ. 1978 च्या नोव्हेंबरात साहिवालच्या एकदिवसीय सामन्यात आपल्याला 14 चेंडूंत 23 धावा हव्या होत्या आणि आठ गडी हातात होते. सर्फराजने अंशुमन गायकवाडच्या डोक्यावरून ओळीने चार बाउन्सर सोडले. एकही वाइड दिला गेला नाही. शेवटी बिशनसिंग बेदीने आपले फलंदाज परत बोलावले आणि सामना देऊन टाकला. आमच्या ओसरीवर त्या संध्याकाळी कोणी जेवलं नाही. पण चार महिन्यांनी याच माणसाने मेलबर्नला ऑस्ट्रेलियाचे सात गडी 33 चेंडूंत एका धावेच्या मोबदल्यात काढले. मी गप्प राहिलो. मोठे बाबा म्हणाले, "मारका हाये. पन मारका म्हनून खोटा नोहे."

जुना चेंडू उलटा वळवण्याची विद्या सर्फराजची. नवा चेंडू खरबरीत बाजूकडे वळतो हे जगाला ठाऊक होतं. पण एक बाजू घासून चकचकीत ठेवली आणि दुसरी पार झिजू दिली, तर तोच चेंडू वेगाने टाकल्यावर चकचकीत बाजूकडे वळतो, आणि तोही अगदी शेवटी, फलंदाजाचा पाय उचलला गेल्यावर. हे मी मोठ्या बाबांना लिंबू हातात घेऊन समजावलं. त्यांना जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. "एकाच खांद्यानं जू वाहिलेला बैल असाच वढते," ते म्हणाले.

सर्फराजने ही विद्या इम्रान खानला दिली आणि इम्रानने 1982-83 च्या हिवाळ्यात ती आपल्यावर चालवली. सहा कसोट्यांत 40 बळी. कराचीला तर एका डावात आठ गडी 60 धावांत. विश्वनाथने चेंडू बाहेर जाणार म्हणून बॅट वर उचलली आणि तो आत येऊन यष्टी घेऊन गेला. आमच्याकडे तेव्हा धानाची मळणी चालली होती. खळ्यावर रेडिओ होता आणि बैल गोल फिरत होते. प्रत्येक विकेटला मोठे बाबा बैल थांबवून ऐकत. त्या वर्षी आमची मळणी लांबली ती इम्रानमुळे.

इम्रान म्हणजे पोळ्याचा बैल. देखणा, रुबाबदार, आणि आपण देखणे आहोत हे पुरतं ठाऊक असलेला. त्याच्या खोडीही तशाच मोठ्या. एका कौंटी सामन्यात आपण बाटलीच्या झाकणाने चेंडू खरवडला होता, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केलं. चोरी करणारे पुष्कळ, पण ती सांगतानाही मान ताठ ठेवणारा हा एकटाच.

याच इम्रानला डोळे भरून पाहायचं म्हणून मी 1983 च्या ऑक्टोबरात नागपूरला गेलो. विदर्भ क्रिकेट संघटनेच्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर भारत-पाकिस्तान कसोटी होती. इम्रानच्या नडगीचं हाड दुखावलंय आणि तो खेळणार नाही, हे पेपरात छापून आलं होतं. पण आमच्या चौकातल्या पानठेल्यावर पक्की खबर होती की ही सगळी फसवणूक असून त्याला ऐन वेळी उतरवणार आहेत. पेपर आणि पानठेला यांत मी पानठेल्यावर विश्वास ठेवला. साहेबांना मामा आजारी असल्याचा अर्ज दिला. मला मामा नाही. छोट्या लायनीच्या गाडीने हाडं खिळखिळी करून घेत नागपूर गाठलं आणि मैदानावर इम्रान नव्हताच.

होता अझीम हाफिझ नावाचा एक पोरसवदा डावखुरा. त्याच मालिकेत तो कसोटीत आला होता. उजव्या हाताला जन्मतःच दोन बोटं कमी. मी आधी निराश होऊन दशम्या सोडल्या. मग त्याचा एक चेंडू पडून असा सरसरत बाहेर गेला की माझा घास हातातच राहिला. त्या कमी बोटांच्या हाताने तोल सावरत तो पुन्हा मागे चालत गेला आणि पुन्हा तसाच आला. माझ्या हातांनी आपोआप टाळी वाजवायला घेतली.

शेजारचे गृहस्थ मान वळवून म्हणाले, "काऊन भाऊ, तिकडचा हाये नं तो?"

आवाजात राग नव्हता, निव्वळ चौकशी होती. पण माझे हात हवेतच थांबले. ती टाळी मी अर्धीच वाजवली आणि उरलेल्या अर्धीचे हात गुडघ्यांवर पुसले. सामना पुढे अनिर्णित राहिला. परत आल्यावर मोठ्या बाबांना सगळं सांगितलं, टाळीचं सोडून.

मोठ्या बाबांनी शेवटची पाहिली ती वसीम आणि वकारची जोडी. "ही पटाची जोडी," त्यांनी एका षटकात निकाल दिला. वसीम अक्रम डावीकडचा. चार पावलं पळायचा, मनगट फिरवायचा, आणि चेंडू कुठे वळणार हे त्याला आणि परमेश्वरालाच ठाऊक. 1992 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने लॅम्ब आणि लुईस यांना लागोपाठच्या दोन चेंडूंवर उडवलं, तेव्हा दुसरा चेंडू पहिल्याच्या उलट बाजूला वळला होता. वकार युनूस उजवीकडचा. हा मर्यादारेषेच्या अंगणातून पळत यायचा आणि सरळ पायाच्या अंगठ्यावर टाकायचा. वसीम फलंदाजाला कोडं घालायचा, वकार त्याच्यावर जप्ती आणायचा. कसोटीत एकाचे बळी 414, दुसऱ्याचे 373.

गंमत म्हणजे या जोडीचं आपसांत फार जमत नसे. 1993 साली वसीम कर्णधार झाला आणि वर्षभरात खेळाडूंनी त्याच्याविरुद्ध बंड केलं. त्या बंडात उपकर्णधार वकारही होता. मला हे ऐकून वाईट वाटलं. मोठे बाबा हसले. "जोडीतले बैल एका दावनीले कधी बांधू नये. शिंगं मारतेत. जुवाखाली आले का बरोबर पळतेत."

हाच वकार 1989 साली कराचीला पहिली कसोटी खेळला. त्याच सामन्यात आपला सचिन तेंडुलकरही पहिली कसोटी खेळला. एक 18 वर्षांचा, दुसरा 16 चा. दोघांच्या वयाची बेरीज चौतीस, म्हणजे तेव्हाचं माझं एकट्याचं वय. त्या वयात मी अर्जांवर आवक क्रमांक घालत होतो. पुढे सियालकोटला वकारचा चेंडू सचिनच्या नाकावर बसला, रक्त आलं, आणि पोरगं तसंच उभं राहून 57 धावा करून गेलं. ती बातमी ऐकून आमच्या घरातल्या बायकांनी वकारला मनसोक्त शिव्या दिल्या. मोठे बाबा एवढंच म्हणाले, "दोन्ही गोऱ्हे चांगले हायेत."

ते गेले आणि शोएब अख्तर आला. हा त्यांनी पाहिला असता तर कासरा तोडून उधळलेला बैल म्हटलं असतं. 2003 च्या विश्वचषकात त्याने ताशी 161.3 किलोमीटरचा चेंडू टाकला. त्याच स्पर्धेत सेंच्युरियनला सचिनने त्याला थर्डमॅनवरून षटकार मारला, आणि 98 वर सचिनला बाद केलं तेही शोएबनेच. त्या दिवशी मला मोठ्या बाबांची फार आठवण आली.

आता, असे गोलंदाज तिकडेच का? आमच्या पानठेल्यावर याचं उत्तर तयार असतं: मटण. तसं असतं तर आमच्या गावातून निदान पाच-सहा गोलंदाज निघायला हवे होते. शिवाय आमच्याच विदर्भातला, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव 2011 साली भारताकडून कसोटी खेळला. म्हणजे इकडच्या मातीतही पाय आणि छाती आहे. कमी पडला तो डोळा, म्हणजे शिकवणारा. तिकडे सर्फराजने इम्रानला दिलं आणि इम्रानने मिड-ऑफला उभं राहून वसीमला चेंडूगणिक सांगितलं. भांडत राहिले, पण विद्या हातोहात पुढे गेली.

आणि मुळात तिकडचं, इकडचं तरी काय? 1932 साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत पाच गडी काढणारा मोहम्मद निसार पंजाबचा. त्याचा कर्णधार सी. के. नायडू जन्माने आमच्या नागपूरचा. फजल महमूदची तर 1947 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी भारताच्या संघात निवड झाली होती. त्या ऑगस्टमध्ये तो पुण्याला सरावाच्या शिबिरात होता. देश तुटला आणि लाहोरला घरी पोचायचं कसं हा प्रश्न पडला. पुण्याहून मुंबईला येताना आगगाडीत काही माथेफिरू त्याच्या अंगावर आले, तेव्हा बरोबर असलेले नायडू बॅट उगारून मध्ये उभे राहिले, असं फजलनेच आपल्या आठवणींत सांगितलंय. तो सुखरूप लाहोरला पोचला. दौऱ्यावर आला नाही. पाच वर्षांनी लखनौला आला आणि आपले बारा गडी घेऊन गेला.

हे मी उतारवयात वाचलं आणि बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. त्या डब्यात नायडूंनी 'तिकडचा हाये नं?' असं विचारलं नव्हतं. त्यांना बॅट उगारता आली. मला भर दिवसा, पोलीस बंदोबस्तात, एक टाळी पुरी करता आली नव्हती.

आता सत्तरी गाठली. धान कापून झालं की आमच्या घरामागच्या बांधीत पोरं क्रिकेट खेळतात. धसकटं उपटून खेळपट्टी केलेली, चेंडूला चिकटपट्टी गुंडाळलेली. मला अंपायर म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवतात, कारण मला बाजूला हो म्हणण्यापेक्षा ते सोपं असतं. परवा शेजारच्या पोराने धुऱ्यावरून पळत येऊन असा चेंडू टाकला की तो फलंदाजाच्या बॅटखालून गेला, यष्टी म्हणून ठेवलेला पिपा पाडला आणि पाठीमागून फिरून येणाऱ्या गायीलाही पळवून लावली.

"आबाजी, कोनावानी टाकला?" पोराने धापा टाकत विचारलं.

मी इकडे तिकडे पाहिलं. धुऱ्यावर चार मोठी माणसं बसली होती.

"वकार युनूसवानी," मी मोठ्याने म्हणालो, आणि टाळी वाजवली. पूर्ण.