दार नाही, काच नाही, टप नाही: वाळूवरच्या उघड्या बग्गीची गोष्ट

आज एका गाडीबद्दल बोलायचंय. या गाडीला दारं नाहीत, काचा नाहीत, टप नाही, डिकी नाही, एसी तर सोडूनच द्या. लोखंडी नळ्या जोडून केलेला पिंजरा, त्यात दोन खुर्च्या, पाठीमागे इंजिन आणि चार चाकं. झाली गाडी! अमेरिकेत हिला सँड रेल म्हणतात. वाळूच्या टेकड्यांवर पळवायची उघडी बग्गी. लोक हिच्यासाठी भरपूर पैसे मोजतात आणि मग तिच्यात बसून दिवसभर वाळू खातात. अक्षरशः खातात, दाताखाली कचकच येते.

मला प्रश्न पडला तो असा. मोटारीचा सगळा इतिहास म्हणजे आराम वाढवत नेण्याचा इतिहास. आधी टप आला, मग काचा, मग हीटर, मग गाणी, मग थंड हवा. आणि ही एक गाडी त्याच रस्त्यावर उलटी चालत गेलीय. का? उत्तर शोधायला मी कॅलिफोर्नियाकडे बघत होतो, पण गोष्ट सुरू झाली इजिप्तमध्ये.

वाळूवर गाडी चालते तरी कशी?

१९२० च्या दशकात राल्फ बॅगनॉल्ड नावाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी इजिप्तमध्ये नेमणुकीवर होता. पेशाने इंजिनिअर. सुट्टी मिळाली की हा गडी मित्रांना घेऊन फोर्डच्या साध्या मॉडेल-टी गाड्यांतून वाळवंटात शिरायचा. त्या काळी मोटार वाळूच्या टेकड्यांवर चढू शकेल यावर कोणाचा फारसा विश्वास नव्हता. वाळवंट म्हणजे उंट, हे ठरलेलं.

या मंडळींनी अनुभवातून काही गोष्टी शोधल्या. गाडी हलकी करा. टायरमधली हवा कमी करा, म्हणजे टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. गाडी रुतलीच तर चाकाखाली लोखंडी पन्हळी टाका. रेडिएटरमधलं पाणी उकळून वाफ होऊन जातं, तर ती वाफ नळीने एका डब्यात नेऊन थंड करा आणि तेच पाणी परत वापरा. वाळवंटात थेंब अन् थेंब मोलाचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेकडी वाचायला शिका. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची वाळू दाबून बसलेली असते, चढ सौम्य असतो. कण उडत उडत माथ्यावर जातात आणि पलीकडे कोसळतात. त्या पलीकडच्या उतारावर वाळू सैल असते आणि साधारण ३४ अंशांच्या कोनात टेकलेली असते. त्याहून उभी ती राहूच शकत नाही, घसरते. तुम्ही घरी परातीत कोरडी साखर ओतून बघा, तिचाही ढीग एका ठरावीक कोनापेक्षा उभा होत नाही. म्हणजे चढताना वेग हवा, आणि माथ्यावर पोचताना सावधपणा हवा. माथ्यापलीकडे काय आहे ते दिसत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बॅगनॉल्ड नुसता भटक्या नव्हता. वारा आणि वाळू यांच्या भौतिकशास्त्रावर त्याने १९४१ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं आणि या विषयातलं ते पायाभूत काम समजलं जातं. त्याआधी १९४० मध्ये, दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, त्यानेच ब्रिटिशांसाठी लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. शत्रूच्या पिछाडीला शेकडो मैल आत जाऊन टेहळणी करणारी ही तुकडी. पुढे तिच्या जोडीला भारतीय सैनिकांची एक स्क्वॉड्रनही काम करत होती. यांचे ट्रक कसे होते? दारं काढलेली, टप काढलेला, काच काढलेली. वजन कमी, आणि चकाकणारी काच दुरून दिसण्याचा धोकाही कमी.

त्याच वाळवंटात जर्मनांकडे होती क्युबेलवॅगन. फर्डिनांड पोर्शने आखलेल्या फोक्सवॅगनचीच ही लष्करी बहीण. इंजिन मागे, आणि तेही हवेवर थंड होणारं. रेडिएटरच नाही, तर पाणी उकळणार कुठून? बॅगनॉल्डला ज्या कटकटीसाठी नळ्या आणि डबे जोडावे लागले, ती कटकट या इंजिनात मुळातच नव्हती.

भंगारातून जन्मलेली गाडी

आता युद्ध संपतं आणि आपण कॅलिफोर्नियात येतो. पिस्मोचा किनारा, त्याला लागून ओशिआनोच्या वाळूच्या टेकड्या. कोकणातल्या ओल्या, दाबून बसलेल्या पुळणीवर बैलगाडीसुद्धा जाते. इथली टेकड्यांवरची वाळू मात्र कोरडी, पाय घोट्यापर्यंत आत. तिथे तरुण पोरं जुन्या अमेरिकन गाड्या कापून, मोठी व्ही-८ इंजिनं ठेवून धावायची. ताकद खूप, पण वजनही खूप, आणि रेडिएटर होताच.

मग अमेरिकेत फोक्सवॅगन बीटल आली. स्वस्त, आणि हळूहळू सगळीकडे. सगळीकडे गाड्या म्हणजे सगळीकडे अपघात, आणि भंगारवाल्यांकडे बीटलचा ढीग. पत्रा चेपलेला, पण खालचा सपाट तळ, इंजिन आणि गिअरबॉक्स ठणठणीत. पोरांनी पत्रा काढून फेकला. आता गंमत बघा. इंजिन मागे म्हणजे सगळं वजन मागच्या चाकांवर, आणि गाडीला ढकलतात तीही मागचीच चाकं. पुढचा भाग हलका, त्यामुळे तो वाळूत नांगरासारखा घुसत नाही, वरून तरंगतो. चाळीस हॉर्सपॉवरची गाडी दोनशे हॉर्सपॉवरच्या धुडाला टेकडीवर मागे टाकू लागली.

इथून दोन वाटा फुटतात. पहिली वाट ब्रूस मायर्सची. जन्म १९२६ चा. महायुद्धात हा बंकर हिल या विमानवाहू जहाजावर होता. मे १९४५ मध्ये जपानी आत्मघाती विमानांनी ज्या जहाजावर हल्ला केला, तेच हे. त्यातून वाचला. पुढे समुद्रलाटांवरचा सर्फर आणि फायबरग्लासच्या बोटी बनवणारा कारागीर झाला. १९६४ मध्ये त्याने बोटीसारखाच फायबरग्लासचा गुबगुबीत, हसऱ्या चेहऱ्याचा सांगाडा बीटलच्या भागांवर चढवला. नाव ठेवलं मायर्स मँक्स. मँक्स ही बिनशेपटीची मांजराची जात, आणि ही गाडीही मागून आखूड. पुढच्या मँक्ससाठी बीटलचा तळ सव्वाचौदा इंच कापून आखूड करायचा आणि त्यावर हे कवच बसवायचं, असा संचच तो विकू लागला.

१९६७ मध्ये मायर्स आणि टेड मँगल्स यांनी मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पात ला पाझ ते तिहुआना हे अंतर ३४ तास ४५ मिनिटांत कापलं. आधी हा विक्रम मोटरसायकलवाल्यांचा होता, सुमारे ४० तासांचा. त्याच वर्षी तिथे पहिली मोठी शर्यत झाली आणि तीही मँक्सनेच जिंकली. ऑर्डरी धो धो आल्या. आणि नकलाही. फायबरग्लासचा साचा करणं सोपं, समोर एक गाडी असली की झालं. मायर्स कोर्टात गेला. न्यायाधीशांनी त्याचं पेटंटच अमान्य ठरवलं. देशोदेशी डझनावारी कंपन्या त्याची नक्कल विकत राहिल्या आणि १९७१ मध्ये त्याची कंपनी बंद पडली. ज्याने शोध लावला तो रिकाम्या हाताने घरी गेला. दिलासा एवढाच, की हा माणूस ९४ वर्षं जगला, २०२१ मध्ये गेला, आणि त्याआधी त्याची पहिली लाल गाडी अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत गेलेली त्याला बघायला मिळाली.

दुसरी वाट सँड रेलची, आणि तिला असा एक कोणी जनक नाही. मला हीच वाट जास्त आवडते. ज्याच्याकडे पाइप वाकवायचं यंत्र आणि वेल्डिंग मशीन आहे तो हिचा कर्ता. फायबरग्लासचं कवचही नको, बीटलचा तळही नको. नुसत्या नळ्या. हळूहळू त्यातूनही कारखाने निघाले. चेनोथ ही त्यातलीच एक कंपनी. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी नौदलाच्या कमांडोंकडे तिच्या गाड्या होत्या. म्हणजे लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या उघड्या ट्रकनंतर पन्नास वर्षांनी सैन्य परत उघड्या गाडीकडेच आलं.

शेजारच्या खुर्चीवरून

आता थोडं अनुभवाचं. माझा एक मावसभाऊ सॅन दिएगोला असतो. चार जणांनी मिळून एक जुनी सँड रेल घेतलीय. त्याच्याबरोबर मी इंपीरियल सँड ड्यून्सला गेलो होतो, म्हणजे ज्याला सगळे ग्लॅमिस म्हणतात तिथे. मेक्सिकोच्या सीमेकडे चाळीस मैलांहून लांब पसरलेला वाळूचा पट्टा. १९१५ मध्ये इथे मोटारींसाठी चक्क लाकडी फळ्यांचा रस्ता टाकला होता, कारण दुसरा इलाजच नव्हता.

दादाने पट्टे आवळले. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक मधून. मनगटांनाही दोऱ्या. का, तर गाडी उलटली तर हात पिंजऱ्याबाहेर जाऊ नये. मी म्हटलं, "दादा, एवढं बांधतोयस, मग सुरक्षित काय आहे?" तो म्हणाला, "तू गॉगल लाव आणि तोंड मिटून बस." हा सल्ला मी दोन मिनिटं पाळला. पहिल्याच उतारावर ओरडलो आणि तोंडात वाळू.

त्रास मोजायचे तर मोजा. इंजिन कानाच्या मागे फूट-दीड फुटावर, बोलणं अशक्य, सगळं खुणांनी. मागून गरम, पुढून गार वारा. नोव्हेंबरात ऊन उतरलं की बोटं आखडतात. कानात, नाकात, खिशात, मोबाइलच्या भोकात वाळू. मणक्याला प्रत्येक खड्ड्याची खबर.

आणि आनंद? मागच्या टायरांना वल्ह्यासारखे पट्टे असतात, ते वाळू अक्षरशः वल्हवत जातात. पुढची चाकं हलकी, त्यामुळे स्टीअरिंग फिरवलं तरी गाडी कधी कधी सरळच जाते. म्हणून दोन तरफा असतात. डावी ओढली की डावं मागचं चाक थांबतं आणि गाडी डावीकडे गर्रकन वळते. टेकडीच्या अर्ध्या उंचीवरून ती कड घेते, कलते, परत खाली येते, आणि तुम्हाला प्रत्येक क्षणी कळतं की चाकाखाली वाळू घट्ट आहे की सैल. अंगाला कळतं. बंद गाडीत ही बातमी पोचतच नाही. वाळू रंग बदलते, तो काचेतून नीट दिसला नसता. माथ्याजवळ वाऱ्याचा आवाज बदलतो, तो काचेआड ऐकू आला नसता. तेव्हा मला बॅगनॉल्डच्या गाड्यांचा अर्थ लागला. काढून टाकलेल्या प्रत्येक वस्तूच्या जागी काही ना काही माहिती आली होती.

प्रत्येक माथ्यापाशी दादा वेग कमी करून गाडी तिरपी करायचा आणि पलीकडे बघायचा. पलीकडे सैल उतार असेल, खड्डा असेल, किंवा समोरून दुसरी गाडी चढत असेल. म्हणून इथे प्रत्येक गाडीला जमिनीपासून आठ फूट उंच काठी आणि तिच्यावर झेंडा सक्तीचा आहे. आधी झेंडा दिसतो, मग गाडी. वारीत लांबून पताका दिसतात आणि मग माणसं, तसंच.

वाळू कोणाची?

इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण ती वाळू रिकामी नाही. ओशिआनोच्या किनाऱ्यावर स्नोई प्लोव्हर नावाचा चिमुकला पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतो. तिथली त्याची जात १९९३ मध्ये संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. ग्लॅमिसच्या टेकड्यांत एक जांभळ्या फुलांचं झुडूप उगवतं, तेही १९९८ मध्ये यादीत आलं. १९९४ च्या कायद्याने टेकड्यांचा उत्तर भाग गाड्यांना बंद झाला, २००० मध्ये आणखी हजारो एकर बंद झाले. ओशिआनोत गाड्या पूर्ण बंद करायचा निर्णय २०२१ मध्ये किनारा आयोगाने घेतला, आणि पुढे तो कोर्टात अडकला. एका बाजूला तीन पिढ्या तिथे तंबू ठोकून सुट्टी काढणारी कुटुंबं, दुसऱ्या बाजूला मुठीएवढा पक्षी. दोघांनाही हवी आहे ती उघडी, मोकळी वाळूच.

माझं मत सांगतो. दादाची गाडी मला मनापासून आवडली, तरी उत्तरेचा बंद भाग बंदच राहावा असं मला वाटतं. या गाडीचा सगळा इतिहासच मुळी शिकवतो की माथ्यापलीकडे कोणीतरी असू शकतं, तेव्हा वेग कमी करा आणि आधी बघा. तिथे दुसरी गाडी असली तर आपण झेंड्याची सक्ती करतो. पक्ष्याकडे झेंडा नाही, एवढाच काय तो फरक.

तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार.